किती राहिल्या?

माझ्या औषधाच्या दुकानात गल्ल्याशेजारी खिळ्याला एक कात्री टांगलेली असते. सोलापुरात कन्ना चौकापासून थोडं आत, यंत्रमागाचा खडखडाट दिवसभर कानावर पडतो अशा गल्लीत एकवीस वर्षं मी हे दुकान चालवते. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हातात येते ती ही कात्री, कारण पूर्ण पाकीट नेणारी माणसं आमच्याकडे थोडी. "ताई, चार दिवसाच्या द्या." "आठवड्याच्या द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो." मागावरच्या कामगाराचा पगार आठवड्याला, विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे. जन्मभर घ्यायची गोळी आठवड्याच्या पैशात बसवायची म्हटल्यावर ती कापूनच द्यावी लागते.

कापलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा औषधाचं नावसुद्धा पुरतं उरत नाही. नुसतंच 'फॉर्मिन', नाहीतर कोरी चंदेरी पाठ. म्हणून मी कागदी पुडीवर पेनानं नाव लिहिते आणि खाली सूर्य किंवा चांदोबा काढते. सकाळची, रात्रीची. आमच्या पूर्व भागात कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. सूर्य-चंद्र सगळ्यांना कळतात.

मधुमेह हा शब्द इथं कुणी वापरत नाही. "मला शुगर हाय," असंच म्हणतात. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असावा असा त्यात अंदाज होता. लोक हळहळले, मला मात्र नवल वाटलं नाही. माझ्या उधारीच्या वहीत एका पानावर किती नावांपुढे मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, लिहिलंय ते मला रोज दिसतं.

त्या वहीतल्या माणसांकडे येण्याआधी आप्पांबद्दल लिहायला हवं. गोळी हातात देणं आणि ती पोटात जाणं यात किती अंतर असतं, ते मला त्यांच्यामुळे कळलं. फार उशिरा कळलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते, कामगारांवर देखरेख करायचे. गिरणी बंद पडल्यावर टॉवेलच्या एका कारखान्यात मुकादम म्हणून राहिले. चौसष्टाव्या वर्षी डोळे तपासायला गेले आणि शुगर निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं, सकाळी एक, रात्री एक. आई-आप्पा आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहतात. गोळ्या मी आणायच्या, डबीत मी भरायच्या आणि रात्री दुकान बंद करून आले की जिना चढता चढता विचारायचं, "आप्पा, गोळी घेतली का?"

खालून आवाज यायचा, "घेतली की."

सात वर्षं हा प्रश्न आणि हेच उत्तर. डबी वेळेवर रिकामी व्हायची. मी समाधानानं वर जायचे. पोरगी औषधवाली असल्याचा बापाला एवढा तरी उपयोग व्हावा, असं मनात यायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आप्पांनी हट्ट धरला की गड्ड्याच्या यात्रेत मी चालणार. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ता भरून जातो. आप्पांनी ऐन तारुण्यात नंदीध्वज पेललेला आहे. ती आठवण सांगताना अजून त्यांची मान ताठ होते. मी म्हटलं, निदान पायात काहीतरी घाला. ते म्हणाले, "सिद्धरामाच्या वाटेवर चप्पल घालून चालू? काय बोलतीस गं." आणि गेले. संध्याकाळी आले, ऊन पाण्यानं पाय धुतले, शेंगापोळी खाल्ली आणि निवांत झोपले.

तिसऱ्या दिवशी आईला त्यांच्या चादरीवर ओला पिवळट डाग दिसला. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी घुसून जखम झाली होती आणि आतून चिघळली होती. आप्पा त्या पायावर दोन दिवस हिंडत होते, यात्रेतल्या अक्षता सोहळ्यालाही जाऊन आले होते. त्यांना कळलंच नव्हतं, कारण दुखलंच नव्हतं.

हे न दुखणं किती भयंकर असतं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा हळूहळू निकामी होत जातात. पायात सुरुवात बोटांच्या टोकांपासून. आधी मुंग्या येतात, मग आग होते आणि मग काहीच नाही. माणसाला वाटतं बरं झालं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, एचबीए१सी ९.८ आलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात जी साखर त्यांना चिकटते, तिचं मोजमाप म्हणजे ही तपासणी. आदले दोन दिवस पथ्य करून तिला चकवता येत नाही. म्हणजे गेले तीन महिने तरी साखर मोकाट होती. आणि आमची डबी तर वेळेवर रिकामी होत होती.

अडीच महिने ड्रेसिंग चाललं. पाय वाचला. त्या काळात मी काय केलं, तर आणखी कडक झाले. फोनवर गजर लावला. दिवसातून तीनदा विचारायला लागले. आईनंही सूर धरला. जेवायला बसताना "गोळी घेतली का", उठताना "गोळी घेतली का". आप्पा "घेतली की" म्हणायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. आता मागं वळून बघते तेव्हा मला ती मान खाली घातलेली दिसते. तेव्हा दिसली नव्हती.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. फार्मसीला शिकणारी एक मुलगी प्रश्नावली घेऊन दुकानात आली. मधुमेहाच्या रुग्णांना भेटून भरून घ्यायची होती. दुपारी अडीचचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. आप्पा माझा डबा घेऊन आले होते आणि कूलरसमोर टेकले होते. मी म्हटलं, हे घे, माझ्या घरचेच रुग्ण. ती समोर स्टुलावर बसली.

तिच्याकडे दोन कागद होते. पहिला जीवनमानाचा, जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केलेला, २६ प्रश्नांचा. झोप कशी लागते, दुखण्यामुळे कामं अडतात का, गरजेपुरते पैसे असतात का, हिंडता-फिरता येतं का, मित्रांचा आधार वाटतो का. आप्पांनी एकेका प्रश्नाला पाच-पाच मिनिटं घेतली. मित्रांच्या प्रश्नावर तर ते खुललेच. रोज सकाळी साडेसहाला पार्क चौकात त्यांची पाच-सहा जणांची बैठक असते, सगळे जुने गिरणीवाले. कोण कुठल्या पाळीला होता, कुणी कुठल्या संपात काय केलं, हे त्या मुलीला सगळं सांगून झालं. कागदावर तिला फक्त एका आकड्याला गोल करायचा होता, पण ती ऐकत राहिली. मला तिचं कौतुक वाटलं.

मग तिनं दुसरा कागद काढला आणि म्हणाली, "काका, बहुतेक सगळ्यांच्याच गोळ्या कधी ना कधी राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?"

आप्पांनी बोटं मोजली. "रात्रीच्या सहा. सकाळच्या तीन… नाही, चार."

मी आत औषधांचं खोकं फोडत होते. हात तिथंच थांबला.

तिनं आकडे लिहिले. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. विचारलं, "रात्रीची का राहते?" आणि आप्पा सांगायला लागले. सात वर्षांत मला जे सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला, दहा मिनिटांत. रात्रीची मोठी पांढरी गोळी घेतली की सकाळी पोटात गुरगुरतं, दोन-तीनदा जावं लागतं. पार्क चौकात बसल्यावर कुठं जाणार? एकदा अर्ध्या बैठकीतून उठून रिक्षानं घरी पळत यावं लागलं होतं. दोस्त हसले होते. तेव्हापासून रात्रीची गोळी बंद. डबी मात्र भरलेली दिसायला नको, म्हणून रोजची गोळी खिशात घालून नेत आणि चौकातल्या कचऱ्यात टाकत.

सकाळची? मधे शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी न्याहारीआधी घ्यायची ग्लिमेपिराइड नावाची आणखी एक गोळी वाढवून दिली होती. ती घेतली आणि आप्पा नेहमीसारखे लक्ष्मी मार्केटला भाजी आणायला गेले. न्याहारी आल्यावर करू म्हणाले. मेथीची जुडी हातात घेतली आणि घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचं धूसर झालं. भाजीवाल्या मावशीनं ओळखलं. तिच्या घरातही शुगर होती. तिनं शेजारच्याकडून गुळाचा खडा आणून तोंडात घातला आणि पोत्यावर बसवून ठेवलं. पंधरा मिनिटांनी आप्पा भाजी घेऊन घरी आले. कुणाला बोलले नाहीत.

"का नाही सांगितलं घरी?" मुलीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर पोरीनं बाजार बंद केला असता माझा."

मी तिथं चार हातांवर उभी होते. आणि मी बंद केला असता, यात मला शंका नाही.

त्या रात्री झोप आली नाही. मनात सगळी साखळी लावून बघितली. मेटफॉर्मिननं पोट बिघडलं, म्हणून गोळी सुटली. गोळी सुटली म्हणून साखर चढली. डॉक्टरांना वाटलं एवढ्यानं भागत नाही, म्हणून त्यांनी दुसरी गोळी वाढवली. तिनं साखर एकदम उतरली, म्हणून तीही सुटली. मग पाय बधिर झाला आणि त्या पायात काय शिरलं ते कळलं नाही. यातल्या प्रत्येक पायरीवर एक साधा उपाय होता, आणि मला तो पाठ होता. जेवणासोबत घ्या, पोट सोसत नसेल तर हळूहळू सुटणारी गोळी मिळते ती डॉक्टरांना विचारा, ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी बाहेर पडू नका. हे मी काउंटरवर अनोळखी माणसांना रोज सांगते. घरात सात वर्षं मी फक्त "घेतली का" विचारत होते. या प्रश्नाला दोनच उत्तरं असतात आणि त्यातल्या एकावर ओरडा ठरलेला असतो.

आप्पांनी आपल्या परीनं हिशोब केला होता. एका बाजूला न दिसणारी, न दुखणारी शुगर. दुसऱ्या बाजूला सकाळची बैठक आणि एकट्यानं बाजाराला जाणं. गिरणी गेली, अर्धे दोस्त गेले, त्यानंतर हे दोनच उरले होते. ते त्यांनी राखले. त्याला मी निष्काळजीपणा म्हणत होते. त्या मुलीच्या पहिल्या कागदाचं उत्तर दुसऱ्या कागदात होतं, आणि दोन्ही कागद एकाच बैठकीत विचारले म्हणून ते बाहेर आलं.

कॉलेजात आम्हाला हा विषय दोन ओळींत शिकवला होता. रुग्णानं सूचना पाळणं, एवढाच. पुढं कधीतरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाबद्दल वाचलं होतं. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच असतात, असं त्यात आहे. कारणांचे त्यांनी पाच गट केलेत. पैसा आणि परिस्थिती, आरोग्ययंत्रणा, खुद्द आजार, खुद्द औषध आणि पाचवा गट रुग्णाचा. पाचातला एक. आम्ही दुकानदार, डॉक्टर, लेकी-सुना, सगळे त्या एकावरच बोट ठेवून बसलेलो असतो.

आप्पांनी मात्र या सगळ्याला उपमा आपल्या खात्यातली दिली. म्हणाले, "धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की साचा आपोआप थांबतो. जॉबरला लांबून कळतं. शुगरचं तसं नाही. सूत संपलं तरी साचा चालूच, नुसता रिकामा. कापड बघितल्यावर कळतं." त्यानंतर बराच वेळ ते पायाच्या वणाकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी बाहेर बसले, मुद्दाम. आप्पांनी स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हळू सुटणारं करून दिलं, कमी ताकदीपासून सुरू करून, रात्रीच्या जेवणासोबत. ग्लिमेपिराइड बंद करून जिच्यानं साखर एकदम खाली जायची भीती कमी अशी गोळी दिली. बी-१२ जीवनसत्त्व तपासलं, कारण मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं आणि त्यानंही पायाला मुंग्या येतात. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगितली. पार्क चौक चालू, बाजार चालू. आठ महिन्यांनी एचबीए१सी ७.४ होतं.

मला आनंद झाला, पण हळहळ गेली नाही. इंग्लंडमध्ये हजारो मधुमेहींवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले होते. साखर नीट आवरली तर डोळे, मूत्रपिंड यांचं नुकसान कमी होतं, हे त्यातून पक्कं झालं. २००८ मध्ये त्याच लोकांचा पुढचा हिशोब आला. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर नीट सांभाळली गेली होती, त्यांना दहा वर्षांनीही त्याचा फायदा मिळत होता. सुरुवातीची वर्षं! आप्पांची तीच वर्षं चौकातल्या कचऱ्यात गेली, आणि त्या वेळी मी जिन्यात उभी होते.

आता वहीकडे येते. त्या एप्रिलपासून मी काउंटरवर प्रश्न बदलला. कात्री हातात घेण्याआधी विचारते, "मागच्या किती राहिल्या?" पहिले काही दिवस लोक बिचकले. मग सांगायला लागले.

विड्या वळणारी एक अक्का पहाटे चहासोबत गोळी घेते, विड्या घेऊन कारखान्यात जाते, तपासून देईपर्यंत अकरा वाजतात, तोवर पोटात भाकरीचा तुकडा नाही. तिला चक्कर येते म्हणून ती आठवड्यातून चारदाच घेते. तिला मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पदरात बांधून न्यायला सांगितलं आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारायला चिठ्ठी लिहून दिली. दुसरी एक बाई सरकारी दवाखान्यातून मिळालेली आणि माझ्याकडची, अशा दोन्ही गोळ्या घेत होती. रंग वेगळा, नाव वेगळं, औषध एकच. एक नवरा-बायको एकाच पाकिटावर होते. "दोघांनाबी शुगरच हाय की ताई, निम्मी निम्मी." रात्रपाळीच्या एकानं विचारलं, माझी सकाळ कुठली? मी पुडीवर सूर्य काढून देत होते आणि तो सूर्य उगवल्यावर झोपत होता.

श्रावणी सोमवार आणि एकादशी हा तर वेगळाच विषय आहे. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, उपवास सोडा म्हणून चालत नाही आणि म्हणूही नये. साबुदाणा आणि बटाट्यानं साखर कशी चढते ते सांगते, त्या दिवशी कुठली गोळी कशी घ्यायची हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा म्हणते. ज्वारी खाऊनही साखर वाढते, फक्त बेतानं खाल्ली तर ती बरी, हे सांगितलेलं मात्र अजून कुणाला पटत नाही.

इन्सुलिनवाल्यांची काळजी मे महिन्यात. पारा ४३-४४ वर, पत्र्याचं घर आणि फ्रिज नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, असं खोक्यावर छापलेलं असतं. त्या घरात हे कुठून आणायचं? एका म्हाताऱ्यानं माठात ओली वाळू घालून त्यात छोटं मडकं बसवलंय, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्या मडक्यात. चालू बाटलीपुरतं ते बऱ्यापैकी काम देतं. न उघडलेली त्याची बाटली माझ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये असते. अशा आता अकरा जणांच्या आहेत, प्रत्येकीवर चिकटपट्टीनं नाव. पण मिलिलीटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला ४० चीच सिरिंज, हे मी प्रत्येकाला दर वेळी दाखवून देते, लाल टोपणाची. यात चूक झाली तर डोसच बदलतो.

पैशाचं मला काही करता येत नाही. पगाराच्या आदल्या दोन दिवसांत ज्यांच्या गोळ्या राहतात त्यांच्या राहतातच. उधारीची वही त्यासाठीच आहे, पण स्वाभिमानी माणूस उधारी मागत नाही, तो गोळी अर्धी करतो. हे लिहिताना मला त्या माणसांचे चेहरे दिसतायत आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

या जानेवारीत आप्पा चालले नाहीत. मऊ तळाचे बूट घालून नंदीध्वजांच्या वाटेवर एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसले होते. ध्वज समोरून गेले तेव्हा उभे राहिले, हात जोडले, आणि जाणाऱ्यांचे अनवाणी पाय बराच वेळ बघत राहिले. मी शेजारी होते. आम्ही काही बोललो नाही.

रविवारी रात्री ते आता स्वतःच डबी घेऊन माझ्यासमोर बसतात आणि सांगतात. "दोन राहिल्या. एक विसरलो, एक लग्नात." मी लिहून घेते. गेल्या रविवारी डबीचं झाकण लावता लावता त्यांनी विचारलं, "तुझं काय?"

तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या ड्रेसिंगच्या दिवसांत, मी माझंही रक्त तपासलं होतं. एचबीए१सी ६.१ होतं. अजून शुगर नाही, पण उंबऱ्यावर. दरवर्षी तपासायला हवं, हे मी लोकांना सांगत असते.

"बघते आप्पा," मी म्हटलं.

"बघतीस का ते नाही विचारलं," आप्पा म्हणाले. "किती राहिल्या ते सांग."

मी वही मिटली.

"तीन."